हळदोण्याचा ट्रम्पेट, हवानाचा ठेका

‘अलबेला’ पाहिलेल्या माणसाला भगवानदादांची ती हात झुलवत, पाय न उचलता नाचायची ढब विसरता येत नाही. गीता बालीचे हसू विसरता येत नाही. सी. रामचंद्रांची गाणी तर चित्रपट न पाहिलेल्यांनाही पाठ आहेत. १९५१ च्या याच चित्रपटातल्या ‘दीवाना परवाना’ या नाचगाण्यात एक वाद्यवृंदही पडद्यावर येतो. झालरीच्या बाह्यांचे क्यूबन सदरे घातलेली ती मंडळी नट नव्हेत. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवणारा तो खराखुरा बँड होता. त्याचा म्होरक्या, ट्रम्पेट ओठांना लावलेला, म्हणजे चिक चॉकलेट. खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ. गाव हळदोणे, तालुका बार्देश, गोवा.

रंबा, सांबा असल्या दूरदेशीच्या ठेक्यांना हिंदी चित्रपटगीतात घरच्यासारखे नांदवले, त्यात या माणसाचा वाटा मोठा आहे. वेदगंगेच्या काठच्या आमच्या मुरगुडाचा आणि लॅटिन अमेरिकेचा संबंध काय, असे कुणी विचारले तर त्याचे उत्तर लग्नाच्या वरातीत सापडते. मुरगूड, कागल, निपाणी या पट्ट्यात ज्यांची लग्ने बँडच्या जमान्यात झाली त्यांच्या वरातीपुढे ‘अलबेला’तले ‘भोली सूरत’ वाजले नसेल असे क्वचितच. वाजवणाऱ्याला क्यूबा कुठे आहे हे ठाऊक नव्हते आणि नाचणाऱ्याला ते जाणून घ्यायची गरजही नव्हती. ठेका मात्र पोचला होता. तो कोणत्या वाटेने पोचला, त्याची ही हकिगत.

चर्चची शाळा आणि मुंबईची कूड

चिकचा जन्म १९१६ चा. त्या काळी गोव्यात चर्चला जोडून संगीताची शाळा असायची. तिथला मेस्त्री, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना आधी सोल्फेज शिकवी, म्हणजे पाच रेघांवरचे सूर डोळ्यांनी वाचून तोंडाने म्हणायचे. ते पक्के झाल्यावर हातात व्हायोलिन येई. कुणाला क्लॅरोनेट, कुणाला ट्रम्पेट. प्रार्थनेला, सणाला, मिरवणुकीला आणि अंत्ययात्रेला वाजवायला गावात माणसे लागत, ती या शाळेतून तयार होत. घरची गरिबी असली तरी नोटेशन वाचता येणे ही गोव्याच्या पोरासाठी चार पैसे मिळवून देणारी विद्या होती.

ती विद्या घेऊन ही मुले मुंबईला येत. धोबीतलाव परिसरात गावोगावच्या गोवेकरांच्या कुडी होत्या. कूड म्हणजे आपापल्या गावाने चालवलेले बिऱ्हाड. एक खोली, भिंतीला लागून पेट्या, कोपऱ्यात देव्हारा, आणि जहाजावर नोकरी मिळेपर्यंत किंवा कुठल्या बँडमध्ये जागा होईपर्यंत अंग टाकायला जागा. आपल्याकडची गिरणगावातली गाववाल्यांची खोली ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र नवे नाही. मूकपटांना साथ करण्यापासून हॉटेलातल्या नाचाच्या रात्रींपर्यंत, पोलीस बँडपासून संस्थानिकांच्या वाद्यवृंदांपर्यंत जिथे म्हणून पाश्चात्त्य वाद्ये वाजत तिथे गोवेकर हजर असे.

याच सुमारास मुंबईत जाझ आले. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या आफ्रिकी-अमेरिकी कलावंताचा बँड ताजमध्ये वाजवू लागला. त्यातला ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ पुढे स्वतःचा बँड घेऊन तिथेच राहिला. पियानोवादक टेडी वेदरफर्ड याने ताज गाजवले आणि शेवटी कलकत्त्यात १९४५ मध्ये कॉलऱ्याने देह ठेवला. या मंडळींच्या शेजारी बसून, त्यांचे ऐकून गोव्याच्या तरुण वादकांनी एक गोष्ट शिकून घेतली. ती चर्चच्या शाळेत नव्हती: कागदावर नसलेले वाजवायचे कसे.

चिक या पिढीचा. आईच्या तोंडचे लाडाचे नाव पुढे ‘चिक’ झाले आणि ‘चॉकलेट’ त्याला जोडले गेले. रंगूनला, मसुरीला बँडमध्ये उमेदवारी करून तो मुंबईत आला आणि चाळिशीच्या दशकात ‘चिक अँड द म्युझिक मेकर्स’ हा त्याचा बँड ताजमध्ये वाजवू लागला. त्याचे दैवत लुई आर्मस्ट्राँग. त्याच्यासारखाच घोगऱ्या आवाजात गायचा, त्याच्यासारखाच पांढरा रुमाल हातात ठेवून कपाळ टिपायचा. लोक त्याला ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणत. पण नाचघराचा बँड नुसत्या जाझवर चालत नाही. गिऱ्हाईक मागेल ते वाजवावे लागते; आणि गिऱ्हाईक तेव्हा रंबा मागत होते.

हवानाहून अपोलो बंदरापर्यंत

गोव्यात साडेचारशे वर्षे पोर्तुगीज होते, म्हणून गोवेकरांना लॅटिन संगीत रक्तातच मिळाले, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. पोर्तुगीजांकडून सुरावट आली, गिटार आले, नोटेशन आले. पण रंबा, मांबो, चा-चा-चा यांचा उगम क्यूबात, सांबाचा ब्राझीलमध्ये. आणि त्यांची वाट लिस्बनवरून नव्हे तर न्यूयॉर्क आणि लंडनवरून मुंबईला येत होती. ती आली तबकड्यांतून, छापील नोटेशनच्या वह्यांतून, हॉलिवूडच्या चित्रपटांतून आणि दुसऱ्या महायुद्धात इथे उतरलेल्या सैनिकांच्या फर्माइशींतून.

क्यूबा म्हणजे ऊस आणि तंबाखू. कागल-निपाणीच्या माणसाला ही दोन पिके सांगून समजावी लागत नाहीत. फरक इतकाच की तिथल्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबत होते आणि ही गुलामी १८८६ पर्यंत चालली. त्या माणसांनी आपले ढोल आणि आपले ठेके सोडले नाहीत. मालकांची स्पॅनिश गिटार आणि गुलामांचे तालवाद्य एकत्र आले, त्यातून ‘सोन’ नावाचा गानप्रकार उभा राहिला. १९२७ च्या सुमारास सोन गाणाऱ्या सहा जणांच्या ताफ्यात सातवा माणूस घेतला गेला, तो ट्रम्पेटवाला. लॅटिन संगीतात ट्रम्पेटला मानाचे पान मिळाले ते तेव्हापासून. १९३० मध्ये डॉन आस्पियासू याच्या वाद्यवृंदाने न्यूयॉर्कमध्ये ‘एल मानिसेरो’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. भुईमुगाच्या शेंगा विकणाऱ्या फेरीवाल्याच्या आरोळीवर बांधलेले हे गाणे जगभर गाजले आणि ‘रंबा’ हा शब्द हॉटेलाहॉटेलांत पोचला.

हा ठेका काय आहे ते घरबसल्या करून पाहता येते. सोळा मात्रा सारख्या लयीत मोजा आणि १, ४, ७, ११, १३ या मात्रांवर टाळी द्या. पहिल्या आठ मात्रांत तीन टाळ्या पडतात, पुढच्या आठांत दोन. याला तिकडे ‘क्लावे’ म्हणतात; दोन लाकडी दांडक्या एकमेकींवर आपटून तो वाजवतात. आपला तीनतालही सोळा मात्रांचाच. त्यात टाळी १, ५, १३ वर आणि खाली ९ वर. दोन्ही ताल एकत्र धरले तर पहिली आणि तेरावी टाळी जुळते, मधल्या टाळ्या मात्र चुकवत चुकवत जातात. ही चुकामूकच पायाला हलवते. समेवर येण्याची ओढ आपल्या कानाला आधीपासून आहे, म्हणून हा ठेका आपल्याला परका वाटला नाही.

आता ट्रम्पेटचे. सरळ केली तर जवळपास दीड मीटर भरेल अशी पितळी नळी, गुंडाळून हातात मावेल अशी केलेली. तोंडाशी वाटीसारखी छोटी मुखनळी. तीत नुसती फुंकर मारून काही होत नाही. मिटलेले ओठ हवेच्या जोराने थरथरवावे लागतात. नुसत्या नळीतून बिगुलासारखे मोजकेच सूर निघतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत काहींनी आणि १८३९ मध्ये पॅरिसमध्ये पेरिने याने पिस्टनची रचना बसवली तेव्हा हे वाद्य पुरे झाले. पिस्टन तीन. मधला दाबला की सूर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिला दाबला की एका स्वराने, तिसरा दाबला की दीड स्वराने. तिघांच्या मिळून सात जुळण्या होतात. बाकीचे सगळे ओठांवर. एकाच जुळणीत ओठ आवळून-सैलावून निरनिराळे सूर काढायचे, आणि तेही न अडखळता. बँडमधला नेहमीचा ट्रम्पेट मोकळा वाजवला तर त्याचा षड्ज आपल्या पेटीच्या काळी पाचवर येतो.

हे वाद्य लपून राहत नाही. व्हायोलिनवाल्याचा एखादा सूर घसरला तर शेजारचे दहा जण झाकून घेतात. ट्रम्पेटवाल्याचा घसरला तर अख्ख्या दिवाणखान्याला कळते. ओठ सुजले, फाटले, सर्दी झाली, तरी रात्रीचा नाच थांबत नाही. पन्नाशीच्या आसपास कितीतरी वादकांचे ओठ दगा देतात. त्यामुळे ट्रम्पेटवाल्याची उमेद आणि मिजास दोन्ही जरा जास्तच असतात.

क्यूबातला दुसरा चॉकलेट

गंमत अशी की, लॅटिन संगीताच्या खुद्द माहेरीही एक ट्रम्पेटवादक ‘चोकोलाते’ म्हणूनच ओळखला जातो. आल्फ्रेदो आर्मेन्तेरोस, जन्म ४ एप्रिल १९२८, क्यूबातल्या रांचुएलो गावी. क्यूबाचा पहिला जगज्जेता मुष्टियोद्धा ‘किड चॉकलेट’ १९३१ मध्ये जिंकला आणि देशभर त्याचे नाव झाले. तरुण आल्फ्रेदोला कुणीतरी चुकून तोच समजले आणि ते नाव त्याला कायमचे चिकटले.

हा चोकोलाते १९४९ च्या सुमारास आर्सेन्यो रॉद्रिगेस या अंध वादकाच्या ताफ्यात होता. आर्सेन्योने सोनच्या ताफ्यात एकाच्या जागी दोन-तीन ट्रम्पेट आणले आणि त्यांचा आवाज भरदार केला. पुढे बेनी मोरे या लाडक्या गायकाच्या मोठ्या वाद्यवृंदात तो होता. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस त्याने न्यूयॉर्क गाठले आणि माचितो, एडी पाल्मिएरी अशा नामांकितांबरोबर वाजवले. स्वतःच्या नावाने तबकड्या काढल्या. खालच्या पट्टीत, गप्पा मारल्यासारखे, क्लावेला धरून वाजवणे ही त्याची खूण. सालसा नाव धारण करून हे संगीत जगभर पसरले तेव्हा त्यातला जुना अस्सल आवाज म्हणून लोक त्याच्याकडे बघत. ६ जानेवारी २०१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये तो वारला, तोवर त्याच्या पाठीशी साठ-पासष्ट वर्षांची कारकीर्द उभी होती.

एकाने ठेका आईच्या दुधाबरोबर घेतला, दुसऱ्याने तबकडीवरून उचलला. पण दोघांचे काम एकच होते: नाचायला आलेल्या माणसाला खुर्चीत बसू न देणे. दैव मात्र निराळे. क्यूबाच्या चोकोलातेचे सोलो त्याच्या नावाने ऐकले जातात. हळदोण्याच्या चिकचे वाजवणे आपण सगळ्यांनी ऐकले आहे, पण दुसऱ्यांच्या नावाने.

पुणतांब्याची पेटी, हळदोण्याचा कागद

रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, १९१८ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यात जन्मले. विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रीय संगीताचे धडे घेतलेला हा माणूस कानाने मात्र चौफेर होता. भगवानदादा त्यांचे जुने दोस्त. १९४२ च्या ‘सुखी जीवन’पासूनची ती जोडी. भगवान आभाजी पालव हा गिरणीत काम केलेला, व्यायामाने अंग कमावलेला, मारधाडीचे चित्रपट काढणारा मराठी गडी. १९४७ च्या ‘शहनाई’त रामचंद्रांनी पाश्चात्त्य ठेक्यावरची चाल देऊन धमाल उडवून दिली आणि त्यांना हव्या असलेल्या आवाजासाठी त्या वाटेचा जाणकार माणूस लागू लागला. तो माणूस चिक चॉकलेट. हॉटेलात रात्री वाजवायचे आणि दिवसा रामचंद्रांचा सहायक म्हणून काम करायचे, असा त्याचा दिनक्रम झाला.

हे काम चालायचे कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. संगीतकार पेटीवर बसून चाल बांधी. ती त्याच्या डोक्यात सरगमीत असे. स्टुडिओत बसलेले व्हायोलिनवाले, क्लॅरोनेटवाले, ट्रम्पेटवाले वाजवत ते कागदावरचे नोटेशन. मधला दुवा म्हणजे अरेंजर. तो चाल ऐकून पाच रेघांवर उतरवी, तिच्या खाली कॉर्ड बसवी, सुरुवातीचे आणि दोन कडव्यांमधले म्युझिक रचण्यात हातभार लावी, कोणता पीस कोणत्या वाद्याला हे ठरवी आणि प्रत्येकाचा कागद वेगळा लिहून देई. मग रिहर्सल आणि टेक. तेव्हा वेगवेगळे ट्रॅक मुद्रित करून नंतर जुळवण्याची सोय नव्हती. गायक आणि वादक एकाच वेळी, एकाच दमात. शेवटच्या ओळीत एकाचा सूर चुकला तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. ट्रम्पेटसारख्या दणदणीत वाद्याला मायक्रोफोनपासून दूर, मागे उभे करत, नाहीतर गायिकेचा आवाज बुडायचा.

इथे एक खरी अडचण होती. आपल्या गाण्याचा जीव मींडेत आणि हरकतीत. पिस्टनचे वाद्य एका सुरावरून दुसऱ्यावर पायरीपायरीने जाते. म्हणून गळ्याची नक्कल ट्रम्पेटकडून करवून घेण्यापेक्षा त्याला स्वतःचे बोलायला जागा देणे शहाणपणाचे. मुखडा संपतो, गायिका श्वास घेते, आणि त्या फटीत ट्रम्पेट खणखणीत चार सूर टाकून जातो. एकाने हाक द्यायची आणि दुसऱ्याने ओ द्यायची, ही क्यूबन सोनची रीत. तमाशातल्या सवाल-जवाबावर आणि भजनातल्या झिलकऱ्यांवर वाढलेल्या कानाला ती लगेच पटली.

१९५० च्या ‘समाधी’तले ‘गोरे गोरे’ घ्या. लता मंगेशकर आणि विजापूरकडच्या अमीरबाई कर्नाटकी यांच्या आवाजातले हे गाणे मूळ एका अमेरिकी चित्रपटातल्या लॅटिन धाटणीच्या गाण्यावरून उचललेले. १९४५ च्या ‘डॉल फेस’मध्ये ब्राझीलची कारमेन मिरांडा ते गाते. उचल आहे हे मान्य करावे आणि पुढचेही बघावे: आपल्याकडे येताना ते थट्टेचे गाणे झाले, गल्लीतल्या मुलींच्या तोंडी बसले. ‘अलबेला’पर्यंत येता येता मात्र उसनवारी संपली होती. ‘शोला जो भडके’मध्ये बोंगोचा ठेका, आणि त्यावर लताबाई आणि ‘चितळकर’ या नावाने स्वतः रामचंद्र गातात. चाल आपली आहे, चालणे लॅटिन आहे. बोंगो, कोंगा, माराकास ही वाद्ये चित्रपटसंगीतात रुळवण्याचे श्रेय पारशी तालवादक कावस लॉर्ड यांना दिले जाते. पुणतांब्याचा मराठी माणूस, हळदोण्याचा ख्रिस्ती, मुंबईचा पारशी, आणि पडद्यावर गिरणगावचा भगवान: ठेका क्यूबाचा असला तरी गाणे मुंबईचे झाले ते असे.

या कामावर रामचंद्र इतके खूश होते की बँडला त्यांनी पडद्यावर आणले. वर सांगितलेले झालरीचे सदरे ते हेच. त्याच वर्षी ‘नादान’ या चित्रपटाला चिकने संगीतकार म्हणून स्वतः संगीत दिले. तलत महमूद त्यात गायले आहेत. त्याचे नाव स्वतंत्रपणे संगीतकार म्हणून झळकले ही त्या काळच्या गोवेकर वादकाच्या दृष्टीने मोठीच गोष्ट. पण संगीतकार म्हणून त्याचा जम बसला नाही. चाल सुचणे आणि चालीला रंग देणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि बाजारात भाव पहिल्याला होता.

दारूबंदीने भरलेले स्टुडिओ

हॉटेलातले हे कसबी लोक चित्रपटाकडे का वळले, याला नुसती कलेची ओढ कारणीभूत नव्हती. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि नाचघरांचे कंबरडे मोडले. पेला नाही तिथे गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही तिथे दहा-अकरा माणसांचा बँड पोसायचा कुणी? इंग्रज गेले, संस्थानिकांची मिळकत आटू लागली. उलट चित्रपटांना वाद्यवृंद मोठे मोठे लागत होते. रोजच्या रोज रोख मिळत होते. वाजवणाऱ्यांचा ओघ तिकडे वळला.

या ओघात एकटा चिक नव्हता. शंकर-जयकिशनच्या गाण्यांतला भरगच्च वाद्यमेळ ज्यांनी लिहिला ते सेबास्टियन डिसोझा. मजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस तर संगीतकार प्यारेलालांचे गुरू. १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’त शिष्याने गुरूचे नाव गाण्यात गुंफले. प्यारेलालांचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा स्वतः ट्रम्पेटवादक आणि नोटेशनचे नावाजलेले शिक्षक. ट्रम्पेट केवळ गोवेकरांचे राहिले नव्हते, ही त्याची साक्ष. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड हेही ट्रम्पेटवादक. संगीतकारांचे सहायक म्हणून वर्षानुवर्षे राबल्यावर त्यांनी १९६३ मध्ये ‘आमचें नशीब’ आणि १९६६ मध्ये ‘निर्मोण’ हे कोंकणी चित्रपट काढले. मडगावकडचे क्रिस पेरी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवत. त्यांनी गायिका लॉर्नाच्या आवाजात चा-चा-चाचा ठेका थेट कोंकणी गाण्यात उतरवला. त्या दोघांच्या कहाणीवर बेतलेल्या ‘नाचुंया कुंपासार’ या कोंकणी चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चिकच्या पिढीने लॅटिन ठेका हिंदीत दडवून आणला, क्रिस पेरीने तो मायबोलीत उजळ माथ्याने वाजवला.

चिकला मात्र फार आयुष्य लाभले नाही. मे १९६७ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षाच्या आसपास, तो मुंबईत वारला. तोवर चित्रपटसंगीताची चव बदलत होती आणि रामचंद्रांचा बहरही ओसरला होता. त्यांनी पुढे १९७० मध्ये मराठी ‘घरकुल’ला संगीत दिले, ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र लिहिले आणि १९८२ मध्ये तेही गेले.

वरातीपुढचा माणूस

आता पुन्हा आमच्या भागाकडे. ट्रम्पेट आपल्याकडे दोन वाटांनी आले. एक वाट हॉटेल आणि स्टुडिओची, ती वर सांगितली. दुसरी लष्कराची. इंग्रजी पलटणींचे बँड पाहून संस्थानिकांनी आपले बँड उभे केले, आणि ते पाहून शहरोशहरी लग्नाचे बँड निघाले. पहिल्या वाटेने गाणे आले, दुसऱ्या वाटेने वाद्य, आणि दोघांची गाठ वरातीत पडली.

लग्नाच्या बँडमधला ट्रम्पेटवाला नोटेशन वाचत नाही. तो रेडिओवरून, तबकडीवरून, आता मोबाईलवरून गाणे कानात भरून घेतो आणि पिस्टनवर शोधून काढतो. म्हणजे चिकने तबकडी ऐकून कागदावर लिहिले, आणि या माणसाने तबकडी ऐकून कागदाशिवायच वाजवले. उन्हात चालत, धुरळा खात, वरातीच्या वेगाने पावले टाकत वाजवणे सोपे नाही. चालताना मुखनळी ओठांवर आपटते, दात हलतात. मागे साईड ड्रम आणि ढोल, बाजूला क्लॅरोनेट आणि युफोनियम, आणि पुढे नवरदेवाच्या दोस्तांची फर्माइश. गाणे लॅटिन ठेक्याचे असो की कोळीगीत, ढोलवाला त्याला आपल्या हातात वळवून घेतो. त्यामुळे ‘शोला जो भडके’चा बोंगो आमच्याकडे येईतो निम्मा हलगीच्या वळणावर गेलेला असतो. सुपारी घेताना बँडमास्तर वाजवणारे किती ते सांगतो. त्यांची नावे कुणी विचारत नाही.

डीजेच्या भिंती आल्या आणि बँडचे दिवस पालटले. लग्नसराईत चार तारखा मिळाल्या तरी नशीब, अशी पुष्कळ बँडांची अवस्था आहे. तरीही पितळी वाद्यांचा सोस गेलेला नाही. २०१६ च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी अमेरिकेत जाऊन मोठ्या वाद्यवृंदाकडून ध्वनिमुद्रण करवून घेतले, आणि त्याच चित्रपटातले ‘झिंगाट’ गावोगावच्या बँडवाल्यांनी आठवड्याभरात पिस्टनवर बसवले.

वादकाचे नाव न छापण्याची रीत आपण निमूट चालवून घेतली. जुन्या तबकडीवर गायक असे, चित्रपट असे, संगीतकार असे. गीतकारालाही तिथे जागा मिळवायला झगडावे लागले. ज्याच्या फुंकरीने गाणे ओळखू येते त्याला अजून ती जागा मिळालेली नाही. आकाशवाणीवर शास्त्रीय मैफल लागली की निवेदक तबल्याच्या साथीला कोण, संवादिनीवर कोण हे न चुकता सांगतो. म्हणजे ही पद्धत आपल्याला माहीत आहे, पचलेलीही आहे. गावच्या गणेशोत्सवात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, गाण्यांच्या वाद्यवृंदात ती सुरू करायला कुणाची परवानगी लागत नाही. निवेदकाने ‘संगीत सी. रामचंद्र’ म्हटले की पुढे एक वाक्य जोडायचे: सहायक आणि ट्रम्पेट, चिक चॉकलेट, हळदोणे. आणि त्या रात्री स्टेजवर जो ट्रम्पेट वाजवणार असेल त्याचे नाव गावासकट घ्यायचे.